तीन शतांश पिकोफॅरड

"बाकी सगळे उत्तम आहे, पण बोलता बोलता तुमचा आवाज एकदम खाली बसतो," असे सांगलीच्या एका ज्येष्ठ हॅम काकांनी, म्हणजे माझ्यासारख्याच हौशी रेडिओवाल्यांनी, रेडिओवरचे संभाषण संपवता संपवता सांगितले. आषाढातली सकाळ होती. रत्नागिरीत रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबला होता, अंगणातल्या माडांना बांधलेल्या अँटेनाच्या तारेवरून पाणी निथळत होते आणि हेडफोनमध्ये कुठल्या तरी दूरच्या विजांचा चरचराट अधूनमधून उमटत होता. "म्हणजे हळूहळू सरकतो का, काका?" असे मी विचारले. "नाही हो. सरकला असता तर मी ट्यूनिंगचे बटण जरा फिरवून घेतले असते. हा एकदम बसतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि तसाच एकदम वर येतो. बघा एकदा," असे म्हणून, सेव्हंटी-थ्री, म्हणजे हॅम लोकांचा निरोपाचा नमस्कार, देऊन ते निघून गेले. ट्रान्समीटरचा आवाज काळजीपूर्वक ऐकून त्याबद्दल स्पष्ट बोलणारी माणसे हॅम रेडिओच्या पट्ट्यावर (बँडवर) फार नसतात, आणि म्हणूनच त्यांचे ते वाक्य दिवसभर माझ्या मनातून हटले नाही. हळूहळू होणाऱ्या बदलाला कारणे अनेक असतात, आणि ती बहुतेक सगळी माहितीची व निरुपद्रवी असतात. एकदम होणारा बदल मात्र कुठे तरी काही तरी तुटते आहे आणि पुन्हा जुळते आहे, असे सांगत असतो.

माझा हा ट्रान्सिव्हर, म्हणजे बोलणे आणि ऐकणे दोन्ही करणारा रेडिओ, मी स्वतः बांधलेला आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स नावाची जी रचना सगळ्यांसाठी खुली करून दिली, तिच्यावर तो बेतलेला आहे. आपल्याकडच्या हौशी माणसाला परदेशी सुटे भाग मिळत नाहीत आणि मिळाले तरी परवडत नाहीत, हे ओळखून फरहान यांनी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळून कॉइल बनवण्याची युक्ती सांगितली, कुठल्याही दुकानात मिळणारे साधे ट्रान्झिस्टर आणि डायोड वापरले, आणि शेवटच्या टप्प्याला मुळात स्विचिंगसाठी बनलेला आयआरएफ५१० हा स्वस्त मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) बसवला. या रचनेतले मला सर्वांत आवडणारे सौंदर्य वेगळेच आहे. तिच्यातले अँप्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात. ऐकताना सिग्नल ज्या वाटेने आत येतो, बोलताना तोच मार्ग उलटा चालून तो बाहेर पडतो. तोच क्रिस्टल फिल्टर, तेच मिक्सर आणि तेच दोन ऑसिलेटर दोन्ही कामांना वापरले जातात. दोष शोधू लागलेल्या माणसाला ही रचना फार मोठी मदत करते, कारण एखादा बिघाड बोलताना आणि ऐकताना दोन्ही वेळा दिसला तर तो सामाईक भागात आहे, आणि दोहोंपैकी एकाच कामात दिसला तर त्या बाजूच्या खास भागात आहे, असा पहिला निवाडा डब्याचे झाकण न उघडताच करता येतो.

त्या संध्याकाळी मी नुसता ऐकत बसलो. सुरुवातीला सगळे आवाज आपापल्या जागी स्थिर होते. डबा तापल्यावर मात्र एका स्टेशनचा आवाज वाक्याच्या मध्येच चिरका झाला, आणि त्याच वेळी त्याच्याशी बोलणाऱ्याचाही झाला. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन ट्रान्समीटरना एकाच क्षणी तसे होणे शक्य नाही. म्हणजे जे हलत होते ते माझ्याच घरात होते.

सिंगल साइडबँडचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा चिरकेपणा लगेच कळेल. या पद्धतीत कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, पाठवलाच जात नाही. आवाजाची एक बाजू तेवढी पाठवायची आणि गाळलेला कॅरियर ऐकणाऱ्याने आपल्या यंत्रात पुन्हा घालायचा, असा तो व्यवहार आहे. त्यामुळे थोड्याशा शक्तीत फार दूर जाता येते. माझे पाच-सहा वॅट सह्याद्री ओलांडून वरच्या आयनोस्फिअरवरून सांगलीत उतरतात, ते त्यामुळेच. मात्र घातलेला कॅरियर जागेवरून हलला, की आवाजातली प्रत्येक लहर तेवढ्याच हर्ट्झने सरकते. गळ्यातून निघणाऱ्या मूळ सुराचे आणि त्याच्या पटींचे एकमेकांशी असलेले नाते मोडते, आणि ओळखीच्या माणसाचा आवाज परका वाटू लागतो. पन्नास हर्ट्झचा फरक कानाला जाणवतो. शंभराचा तर खुपतो. सात मेगाहर्ट्झ म्हणजे सत्तर लाख हर्ट्झ, आणि त्यातल्या शंभरांची तक्रार कान ताबडतोब करतो, ही गोष्ट मला आजही अद्भुत वाटते.

पट्ट्यावरच्या माणसांच्या आवाजावरून मोजमाप करता येत नाही, कारण ती आपल्या मर्जीने बोलतात आणि थांबतात. त्यासाठी एक स्थिर खूण हवी होती. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवर १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याचा एक छोटा ऑसिलेटर बनवून ७४एचसी७४ या आयसीने त्याचे दोन भाग केले, की ७.१५९ मेगाहर्ट्झ मिळतात, आणि तो आकडा आपल्याला परवानगी असलेल्या ७.० ते ७.२ या पट्ट्यात अगदी नेमका बसतो. ही खूण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि ट्रान्सिव्हर तिच्यावर ट्यून केला, की एक सरळ, स्वच्छ शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीचा सूर हलला तर ट्रान्सिव्हर हलला, इतके ते सोपे असते. मी डबा उघडला, झाकण बाजूला ठेवले आणि तापू दिला. शिट्टी आधी अगदी सावकाश, सलगपणे खाली उतरत गेली. कॉइल तापते, तार किंचित वाढते, कपॅसिटर आपापल्या स्वभावाप्रमाणे थोडे बदलतात, आणि तेवढे उतरणे अपेक्षितच होते. मग एकाएकी सूर तुटून दुसऱ्या पायरीवर गेला. काकांनी वर्णन केले होते अगदी तसाच. मला त्या क्षणी चिंता वाटायला हवी होती, पण वाटला तो आनंद. जो दोष आपल्या समोर घडतो, तो सापडण्याजोगा असतो.

लहानपणी आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. माझे वडील शाळेत शिक्षक, त्यामुळे ते गृहस्थ वडिलांना गुरुजी म्हणत. आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ मध्येच बोलायचा थांबे, म्हणून वडील तो पिशवीत घालून त्यांच्याकडे नेत आणि मी मागोमाग जात असे. दुकानात तापलेली धूळ, मेण आणि सोल्डरचा धूर यांचा मिळून एक वास कायम भरलेला असे. ते मागचा पुठ्ठा काढत, रेडिओ सुरू करत आणि मग बराच वेळ काहीच करत नसत. दुसरी कामे करत, कान मात्र इकडे असे. वडिलांना घाई असली की म्हणत, "गुरुजी, तापू दे जरा. थंड रेडिओ काय सांगणार?" मग रेडिओ अडखळला, की पेचकसाची लाकडी मूठ पुढे करून एकेका व्हॉल्व्हवर आणि एकेका सांध्यावर अगदी हलके ठोकत जात, आणि ज्या ठिकाणी खरखर उठे तिथे थांबत. त्यांच्याकडे मीटर होता, पण तो ते शेवटी काढत. दोषाची जागा कळल्यानंतर, खात्रीपुरता. हा क्रम मला तेव्हा उलटा वाटत असे. आज मी वापरतो तोही हाच क्रम आहे.

माझ्या ट्रान्सिव्हरमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारे ऑसिलेटर दोन. एक बीएफओ, म्हणजे गाळलेला कॅरियर पुन्हा घालणारा, १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा, आणि क्रिस्टल सहसा अशा उड्या मारत नाही. दुसरा व्हीएफओ, म्हणजे ट्यूनिंगच्या बटणाने फिरणारा, ज्याची फ्रिक्वेन्सी कॉइल आणि कपॅसिटर मिळून ठरवतात, तो २.८ ते ३.० मेगाहर्ट्झवर चालतो आणि सगळा संशय त्याच्यावर होता. तरीही संशयावर भागत नाही. म्हणून मी व्हीएफओची तार सोडवून तिच्या जागी अर्डुइनोला जोडलेले एसआय५३५१ चे छोटे मोड्यूल लावले. ते डिजिटल पद्धतीने, स्वतःच्या क्रिस्टलच्या आधारावर हवी ती फ्रिक्वेन्सी देते. डबा कितीही तापला तरी शिट्टी जागची हलली नाही. बीएफओ निर्दोष ठरला. आयआरएफ५१० चालताना दीड अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि बॅटरीचा व्होल्टेज किंचित पडतो, म्हणून व्हीएफओच्या रेग्युलेटरचाही मी विचार केला होता. पण नुसते ऐकतानाही उडी पडत होती आणि त्या वेळी रेग्युलेटरचे ९ व्होल्ट काटेकोर स्थिर होते.

इथे एक मोह समोर येतो, आणि तो खरा आहे. हे मोड्यूल तसेच राहू दिले असते तर विषय तिथेच संपला असता. फरहान यांच्याच पुढच्या ट्रान्सिव्हरमध्येही हीच आयसी आहे. आकडे झळकतात, फ्रिक्वेन्सी हलत नाही, पैसेही फार लागत नाहीत. ज्याला फक्त बोलायचे आहे त्याने तसेच करावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझे मन त्याला तयार होईना, कारण मोड्यूल लावल्याने माझा आवाज सुधारला असता, पण टेबलावर काढून ठेवलेल्या त्या व्हीएफओत काय चालले आहे, हे मला कधीच कळले नसते. हाताने गुंडाळलेली कॉइल, रेडिओच्या जुन्या सांगाड्यातून काढलेला, ट्यूनिंगसाठी फिरणारा गँग कंडेन्सर, धातूच्या टोपीचा बीएफडब्ल्यू१० हा एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर): यांतला प्रत्येक भाग मी निवडून बसवला होता. त्यांपैकी एक जण काही सांगू पाहत असताना त्याच्यासकट सगळ्यांना दूर करणे मला पटले नाही.

मग मी त्यांच्याकडे एकेकाकडे वळलो. प्लास्टिकच्या पातळ काडीने प्रत्येक भागाला हलके डिवचले. सगळ्यांनीच शिट्टी थोडी हलवली, कारण व्हीएफओत कुठेही स्पर्श केला तरी सूर हलतोच. उडी मात्र कुणी मारली नाही. गँग कंडेन्सरची पाती आणि त्यांचे घासणारे संपर्क साफ केले, सगळे सांधे पुन्हा गरम केले, उडी कायम राहिली. दोष उष्णतेने येत होता, तेव्हा उष्णता एका वेळी एकाच भागापर्यंत पोचवणे भाग होते. सोल्डरिंग आयर्न जवळ नेले तर शेजारचे भागही तापतात. शेवटी शहाळ्याबरोबर मिळणारी नळी घेतली, तिचे टोक एकेका भागाच्या अगदी जवळ धरले आणि हळूच श्वास सोडत गेलो. श्वास उबदार आणि दमट असतो, नळीतून तो नेमका हवा तिथेच पडतो, आणि कान हेडफोनसाठी मोकळे राहतात. कॉइलवर फुंकले, सूर सावकाश उतरला. एफईटीवर फुंकले, किंचित चढला. ट्रिमरवर (बारीक जुळवणीच्या छोट्या कपॅसिटरवर), फीडबॅकच्या दोन कपॅसिटरवर, सगळीकडे सलग, शांत बदल. कॉइलला समांतर बसवलेल्या ३३० पिकोफॅरडच्या (पिकोफॅरड हे कपॅसिटरची किंमत, म्हणजे कपॅसिटन्स, मोजण्याचे अगदी लहान एकक) सिल्व्हर मायका कपॅसिटरवर श्वास पडला आणि सूर तटकन तुटला. श्वास थांबवला, तो थंड झाला, सूर तटकन परत आला.

मी पुन्हा पुन्हा फुंकून पाहिले, आणि प्रत्येक वेळी तेच झाले.

सिल्व्हर मायका म्हणजे अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर चांदीचा थर दिलेला कपॅसिटर. स्थिरपणासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला आहे. तापमान एका अंशाने बदलले तर त्याची किंमत दहा लाखांत जेमतेम काही दशक भागांनी बदलते. अभ्रकाची गोष्ट आपल्या देशाच्या फार जवळची आहे. झारखंडातल्या कोडरमा आणि गिरिडीहच्या खाणींतून निघणारा, हाताने सोलून पातळ केलेला अभ्रक विसाव्या शतकात जगभरच्या विजेच्या आणि रेडिओच्या कारखान्यांना जात असे. घरातल्या जुन्या इस्त्रीची तार अभ्रकावरच गुंडाळलेली असे. वडील इस्त्री उघडत तेव्हा त्याचे चकचकीत पापुद्रे मी नखाने सोलत बसे आणि ते कितीही सोलले तरी आत आणखी एक पापुद्रा असतोच, याचे मला नवल वाटे. माझ्याच ट्रान्सिव्हरमध्ये आयआरएफ५१० आणि त्याच्या हीटसिंकच्या मध्ये एक अभ्रकाची चकती आहे, जी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. अभ्रक स्वतः दगा देत नाही. दगा होतो तो त्याच्यावरचा चांदीचा थर आणि बाहेर येणारी पिन जिथे मिळतात त्या सीमेवर, आणि विशेषतः अशा कपॅसिटरमध्ये, ज्याने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात. हा कपॅसिटर मी मोडीत निघालेल्या एका जुन्या यंत्रातून काढला होता.

तो बाहेर काढून मीटरला लावला, तर मीटरने ३३१ पिकोफॅरड दाखवले. निर्दोष. कुठल्याही तपासणीत पास होईल असा. इथे मी कागद घेऊन बसलो, कारण या विसंगतीतच मला सर्वांत जास्त रस होता. फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर उडी ९० हर्ट्झच्या आसपास मोजली होती. ३ मेगाहर्ट्झमध्ये ९० हर्ट्झ म्हणजे दहा लाखांत ३०. फ्रिक्वेन्सी कपॅसिटन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून कपॅसिटन्समधला बदल त्याच्या दुप्पट, दहा लाखांत ६०. कॉइलच्या समांतर असलेले सगळे कपॅसिटर मिळून सुमारे ५०० पिकोफॅरड होतात. त्यांतले दहा लाखांत ६० म्हणजे ०.०३ पिकोफॅरड. तीन शतांश. माझा मीटर एक पिकोफॅरडच्या खालचे काही दाखवतच नाही. दाखवत असता तरी तो थंड कपॅसिटर मोजत होता, आणि थंड कपॅसिटर निर्दोषच होता.

ज्या बदलाला पकडण्यासाठी प्रयोगशाळेतले महागडे उपकरण लागले असते, तो बदल सांगलीत बसलेल्या एका वयस्क माणसाने, विजांच्या खरखरीतून, माझ्या बोलण्याकडे लक्ष देत असताना सहज टिपला. यात चमत्कार नाही. सगळी रचनाच तशी आहे. तीन शतांश पिकोफॅरडला व्हीएफओ ९० हर्ट्झचे रूप देतो, मिक्सर ते ९० हर्ट्झ जसेच्या तसे सात मेगाहर्ट्झवर नेऊन ठेवतो, फिल्टर आणि डिटेक्टर ते पुन्हा खाली आणून आवाजात मिसळतात, आणि तिथे माणसाचा कान बसलेला असतो, ज्याला लहानपणापासून आवाजातले बारकावे ओळखण्याची सवय आहे. साखळीतला प्रत्येक दुवा तो सूक्ष्म बदल न हरवता पुढे देतो. ज्या यंत्राचा दोष शोधायचा, ते यंत्रच त्या दोषाचे सर्वांत बारीक मोजमाप करत असते. रेडिओ तापू द्या असे म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना गणित येत होते की नाही कोण जाणे, पण भाग काम करत असतानाच तपासावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कपॅसिटर मी पक्कडीने फोडून भिंगाखाली पाहिला. तपकिरी आवरणाच्या आत पापुद्रे होते, त्यांच्यावर चांदीचे चौकोन, आणि एका चौकोनाच्या कोपऱ्यात, पिनेच्या पट्टीजवळ, केसाइतकी बारीक काळपट फट होती. थंड असताना त्या फटीपलीकडचा चांदीचा तुकडा जोडलेला राहत असावा आणि तापल्यावर सुटत असावा. मात्र ती फट फोडताना पडलेली नाही, असे मी खात्रीने म्हणणार नाही. नळीची साक्ष मला भिंगाच्या साक्षीपेक्षा अधिक भक्कम वाटते.

त्याच्या जागी एनपीओ प्रकारचे, म्हणजे तापमानाने जवळजवळ न बदलणारे, सिरॅमिक कपॅसिटर बसवले: १०० पिकोफॅरडचे तीन आणि ३३ चा एक, समांतर. एकाऐवजी चार घेतले, की रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रवाह वाटला जातो आणि प्रत्येक जण कमी तापतो. ३ पिकोफॅरड वाढले ते ट्रिमरने कमी करून घेतले. आता शिट्टी सुरुवातीला दीडशे हर्ट्झच्या आसपास सलगपणे उतरते आणि मग थांबते. ते उतरणे कॉइलचे आहे आणि तिला मेणात बुडवायची की थोडा उलट्या स्वभावाचा कपॅसिटर जोडून तोल साधायचा, हे मी अजून ठरवलेले नाही. त्याच मोडीतल्या यंत्रातले आणखी काही सिल्व्हर मायका कपॅसिटर माझ्या ट्रान्सिव्हरमध्ये आहेत, आयआरएफ५१० नंतरच्या लो पास फिल्टरमध्ये. तिथे फ्रिक्वेन्सी ठरत नाही, फक्त नको असलेले हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटी, गाळले जातात, आणि एखाद्याचे तीन शतांश पिकोफॅरड इकडेतिकडे झाले तरी त्या कामात काहीही बिघडत नाही. त्यांना मी हात लावलेला नाही.